एपीआयच्या मागे ग्राफ डेटाबेस घ्यावा का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या वाटांनी आला आहे: नवा एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागण्याची सोय, उभी करताना मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा रिलेशनल, म्हणजे टेबलांत डेटा ठेवणारा, डेटाबेस ठेवायचा, की निओफोरजेसारख्या ग्राफ डेटाबेसकडे, म्हणजे नोड (वस्तू) आणि त्यांच्यातली नाती साठवणाऱ्या डेटाबेसकडे, जायचं? पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमचा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. बीओएम, म्हणजे कोणत्या भागात कोणते भाग किती लागतात याची यादी, मायएसक्यूएल 5.7 मध्ये आहे. एखाद्या हीट नंबरचं (भट्टीतल्या एका घाणाचं) पोलाद खराब निघालं, तर ते कोणत्या चाइल्ड पार्टमधून कोणत्या फायनल असेंब्लीत गेलं, हे सांगणारा एपीआय हवा आहे. सध्याच्या क्वेरीत सात सेल्फ जॉइन (टेबल स्वतःलाच जोडणं) आहेत, आणि आठवी पातळी आली की तिथले भाग गळतात. सल्लागार म्हणतात, निओफोरजे घ्या. घ्यावं का?

एवढ्यासाठी नको. तुम्ही अडला आहात ते 5.7 या आवृत्तीमुळे. पातळ्या किती आहेत हे आधी ठाऊक नसताना खाली किंवा वर चालत जाण्याची सोय, म्हणजे रिकर्सिव्ह क्वेरी, एसक्यूएलच्या मानकात 1999 सालीच आली. मायएसक्यूएलमध्ये मात्र ती 2018 च्या 8.0 आवृत्तीत आली. 5.7 चा सपोर्ट ऑक्टोबर 2023 मध्ये संपला, म्हणजे ती आवृत्ती एरवीही सोडायलाच हवी. 8.0 ची मुदतही एप्रिल 2026 पर्यंतचीच असल्यामुळे थेट 8.4 वर मुक्काम ठरवा. फक्त 5.7 वरून 8.4 वर एका उडीत जाता येत नाही. आधी 8.0, मग 8.4.

टेबल साधंच ठेवा. वरचा भाग, खालचा भाग आणि नग, एवढे तीन कॉलम. प्रायमरी की वरचा आणि खालचा मिळून केली, की वरून खाली येणाऱ्या क्वेरीचं काम भागतं. तुम्हाला मात्र खालून वर जायचं आहे, म्हणून खालच्या भागाच्या कॉलमवर स्वतंत्र इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) हवा. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण इंजिनात फॉरिन की (दुसऱ्या टेबलातल्या रोशी जोडणारं बंधन) लावली की तो इंडेक्स आपोआप तयार होतो. पोस्टग्रेसमध्ये होत नाही, तिथे तो स्वतः करावा लागतो. पोस्टग्रेसवर बीओएमची क्वेरी रांगते अशी तक्रार आली, की आधी हा इंडेक्स आहे का ते बघावं.

क्वेरीचा सांगाडा असा. 'विथ रिकर्सिव्ह'च्या पहिल्या भागात, खालचा भाग म्हणून खराब पार्ट असलेल्या सगळ्या रो घ्यायच्या. दुसऱ्या भागात तेच टेबल पुन्हा जोडायचं, अट एवढीच की नव्या रोचा खालचा भाग म्हणजे आधीच्या रोचा वरचा भाग. नवी रो मिळेनाशी झाली की क्वेरी आपोआप थांबते.

दोन भागांच्या मध्ये 'युनियन' लिहायचं की 'युनियन ऑल', याच्यावर बराच घोळ होतो. 'हा पार्ट कुठेकुठे लागतो' एवढंच हवं असेल तर 'युनियन' बरोबर आहे. तीच रो दुसऱ्यांदा आली तर ती टाकून दिली जाते, त्यामुळे चुकून कोणी अ च्या खाली ब आणि ब च्या खाली अ नोंदवून ठेवला असेल तरी क्वेरी अडकत नाही. पण रिपोर्टमध्ये पातळीचा आकडा हवा म्हणून त्यात पातळीचा कॉलम वाढवला, की हे संरक्षण गेलं. तोच पार्ट पातळी 3 वर आणि पातळी 5 वर आला तर त्या दोन वेगळ्या रो ठरतात आणि चक्र फिरत राहतं. मायएसक्यूएल 1000 फेऱ्यांनंतर एरर देऊन थांबतं, ती त्याची मूळ मर्यादा आहे. पोस्टग्रेसला अशी मर्यादा नाही. तिथे स्टेटमेंट टाइमआउट लावलेला नसेल तर डिस्क भरेपर्यंत क्वेरी चालू राहू शकते. पोस्टग्रेस 14 पासून चक्र ओळखणारं 'सायकल' हे कलम मिळतं. मायएसक्यूएलमध्ये ते नाही, तिथे आतापर्यंतची वाट एका अक्षरी कॉलममध्ये साठवून नवा पार्ट तिच्यात आधीच आहे का हे तपासावं लागतं. त्या कॉलमची रुंदी पहिल्या भागातल्या मजकुरावरून ठरते, म्हणून सुरुवातीलाच तो 1000 अक्षरांचा म्हणून कास्ट करा. नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या पातळीलाच 'डेटा टू लाँग' येतं.

नग मोजायचे असतील तर उलटा नियम. डाव्या ब्रॅकेटला 4 बोल्ट आणि उजव्या ब्रॅकेटला 4 बोल्ट, म्हणजे एकूण 8. पण क्वेरीत फक्त पार्ट नंबर आणि नग हे दोनच कॉलम असतील आणि मध्ये 'युनियन' असेल, तर दोन्ही रो सारख्याच दिसतात, एक टाकून दिली जाते आणि उत्तर 4 येतं. एरर येत नाही. आकडा चुकलेला आहे हे स्टोअरला माल कमी पडल्यावर कळतं. म्हणून नगांसाठी 'युनियन ऑल', प्रत्येक पायरीला नगांचा गुणाकार, आणि बेरीज शेवटी बाहेरच्या क्वेरीत, कारण मायएसक्यूएल रिकर्सिव्ह भागाच्या आत बेरीज करू देत नाही. 'कुठे लागतो' आणि 'किती लागतात' हे दोन वेगळे एंडपॉइंट (एपीआयचे स्वतंत्र पत्ते) ठेवा. एकाच क्वेरीत दोन्ही बसवायला गेलात तर एक चुकेलच.

आता मुख्य मुद्दा, जो तुमच्या पत्रात आलेला नाही. हीट नंबरचा शोध बीओएमवर घ्यायचाच नसतो. बीओएम सांगतं की हा पार्ट कुठे लागू शकतो. कोणत्या लॉटमधला माल खरोखर कोणत्या लॉटमध्ये गेला हे इश्यू स्लिपांवरून कळतं. वापरलेला लॉट, तयार झालेला लॉट, नग आणि तारीख असं दुसरं टेबल लागेल, आणि वरची सगळी क्वेरी त्या टेबलावर चालेल. बीओएमवर चालवली तर त्या मॉडेलची प्रत्येक गाडी संशयित ठरेल.

ग्राफ डेटाबेस घेतला असता तरी यातलं बरंचसं काम तुम्हालाच करावं लागलं असतं. निओफोरजेच्या सायफर या क्वेरी भाषेत हे काम दोन-तीन ओळींत होतं हे खरं. पण प्रत्येक पातळीला दोन वाटा असल्या तर 20 पातळ्यांत 10,48,576 वाटा होतात, आणि त्या सगळ्या मोजायला लावल्या तर डेटाबेस कोणताही असो, मोजाव्याच लागतात.

प्रश्न: आमचा एपीआय ग्राफक्यूएलमध्ये आहे. मग खालीही ग्राफ डेटाबेस असणं जास्त योग्य नाही का?

नावापलीकडे दोघांचा संबंध फारसा नाही. ग्राफक्यूएल ही क्लायंटने काय हवं ते कसं मागायचं याची भाषा आहे. फेसबुकने ती 2012 मध्ये आपल्या मोबाइल अॅपसाठी तयार केली आणि 2015 मध्ये सर्वांना खुली केली. डेटा कुठे आणि कसा साठवला आहे याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

हा प्रश्न बहुधा वेगळ्याच दुखण्यातून येतो: ग्राफक्यूएलचा एपीआय पोस्टग्रेसवर संथ चालतो. 50 ऑर्डरी मागवल्या आणि प्रत्येकीचा ग्राहक वेगळ्या क्वेरीने आणला, तर 51 क्वेऱ्या होतात. यावर इलाज डेटालोडरचा. तो एका विनंतीतले सगळे ग्राहक क्रमांक गोळा करतो आणि एकदमच मागतो, म्हणजे 51 च्या जागी 2. डेटालोडर प्रत्येक विनंतीला नवा तयार करा. सगळ्यांसाठी एकच ठेवलात तर एका वापरकर्त्याचा कॅशमधला डेटा दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो. शिवाय क्वेरीच्या खोलीवर मर्यादा घाला. ती नसेल तर कोणीही ग्राहक, त्याच्या ऑर्डरी, त्यांचा ग्राहक, पुन्हा त्याच्या ऑर्डरी असं लिहून सर्व्हर झोपवू शकतो, मग खाली डेटाबेस कुठलाही असो.

प्रश्न: आम्ही मुंबईत ऑनलाइन कर्ज देणाऱ्या कंपनीसाठी काम करतो. नवा अर्ज आला की मोबाइल, फोनचं यंत्र, बँक खातं किंवा पत्ता यांच्या मार्फत तो आधीच्या फसवणुकीच्या एखाद्या कर्जाशी जोडला जातो का, हे दोन सेकंदांच्या आत सांगायचं आहे. नुसतं हो-नाही पुरत नाही. तपासणाऱ्याला मधले दुवे दिसायला हवेत. पोस्टग्रेस की ग्राफ?

इथे ग्राफ घ्या. चाकणच्या वाचकांना नको म्हटलं आणि तुम्हाला हो म्हणतो आहोत, याचं कारण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यांत आहे: मधले दुवे दिसायला हवेत. एपीआयच्या उत्तरात फक्त टोकं हवी आहेत की मधली वाटही हवी आहे, हा प्रश्न आम्ही सर्वांत आधी विचारतो. टोकंच हवी असतील तर रिकर्सिव्ह क्वेरी पाहिलेल्या रो टाकून देत झपाट्याने पुढे जाते. वाट हवी असली की प्रत्येक रोमध्ये वाट साठवावी लागते, मग कोणत्याही दोन रो सारख्या राहत नाहीत, आणि त्याच ग्राहकापर्यंत शंभर वाटांनी पोहोचलात तर शंभरही रो पुढे वाढत जातात. सर्वांत जवळची वाट सापडली की थांब, हेही रिकर्सिव्ह क्वेरीला नीट सांगता येत नाही. निओफोरजेचा शॉर्टेस्ट पाथ दोन्ही टोकांकडून एकाच वेळी शोध सुरू करतो आणि मध्ये भेटला की थांबतो. त्यात तुमचे दुवे चार जातींचे आहेत आणि उद्या पाचवी जात येईल, मग ईमेल असो की हमीदार. टेबलांमध्ये त्या प्रत्येकासाठी क्वेरी बदलावी लागेल.

पनामा पेपर्सच्या तपासात पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे आयसीआयजेने, निओफोरजे वापरलं होतं. 1 कोटी 15 लाख दस्तऐवज आणि 2.6 टेराबाइट डेटा होता. तिथेही हवी होती ती व्यक्तीपासून कंपनीपर्यंतची वाटच.

मॉडेल करताना मोबाइल नंबर हा ग्राहकाच्या नोडवरचा गुणधर्म म्हणून ठेवू नका. त्याचा स्वतंत्र नोड करा आणि ग्राहकाला त्याच्याशी जोडा. मग दोन ग्राहक एका नंबरवर आपोआप भेटतात. यंत्र, खातं आणि पत्ता यांचंही तसंच. नोड करण्याआधी नंबर किंवा पत्ता एकाच पद्धतीने लिहून घ्या. 91 लावलेला, शून्य लावलेला आणि नुसता दहा आकडी, हे तीन नंबर तीन नोड झाले तर दुवा कधीच सापडणार नाही. पत्त्याचं हे काम सर्वांत किचकट असतं. तिथे इमारत आणि फ्लॅटपर्यंत पत्ता सुटा करता येत नसेल तर तो ग्राफमध्ये घालूच नका. पिन कोडचा नोड तर कधीच नको, कारण सगळं उपनगर एकमेकांशी जोडलं जाईल.

इथेच ग्राफचं खरं दुखणं येतं: गर्दीचे नोड. शाखेतल्या माणसाने मोबाइलच्या रकान्यात 9999999999 टाकून फॉर्म पुढे सरकवलेला असतो, एखाद्या एजंटने पन्नास जणांना स्वतःचाच नंबर दिलेला असतो. असा नोड वाटेत आला की दोन पायऱ्यांत हजारो ग्राहक एकमेकांचे 'नातेवाईक' होतात. शोध मंदावतो, आणि त्याहून वाईट म्हणजे उत्तर निरर्थक होतं. रात्री एक जॉब चालवून, ज्या नोडला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नाती आहेत त्यांच्यावर खूण करून ठेवा. मर्यादा किती ते तुमच्या डेटावरून ठरवा, 50 पासून सुरुवात करायला हरकत नाही. मग शोधात खूण असलेल्या नोडमधून जाऊ नये अशी अट घाला. ही अट प्रत्येक पायरीला तपासता येईल अशी हवी. सगळी वाट तयार झाल्यावरच तपासता येणारी अट लिहिलीत तर शॉर्टेस्ट पाथ आपला झटपट मार्ग सोडतो आणि एकेक वाट काढून बघायला लागतो. एजंटच्या नंबरची गोष्ट वेगळी आहे. तो शोधातून वगळा, पण त्याची यादी तपासनिसाला स्वतंत्र द्या, कारण फसवणूक तिथेही असू शकते.

खोलीला मर्यादा घाला, चार पायऱ्या ही चांगली सुरुवात आहे. ग्राहक, मोबाइल, दुसरा ग्राहक, यंत्र, तिसरा ग्राहक, एवढं त्यात बसतं.

कर्जाचं मूळ रेकॉर्ड पोस्टग्रेसमध्येच राहू द्या. ग्राफ ही त्यातून भरली जाणारी, फक्त वाचायची प्रत. डेबेझियमसारखं साधन पोस्टग्रेसच्या लॉगमधून प्रत्येक बदल उचलतं आणि पुढे देतं. तोच बदल दोनदा येऊ शकतो, म्हणून लिहिणारा कोड एकच गोष्ट दोनदा केली तरी परिणाम तोच राहील असा हवा. डिलीटही पोहोचतात ना हे मुद्दाम तपासा, कारण बहुतेक वेळा तेच राहून जातं. प्रत काही सेकंद मागे असेल, म्हणून एका मिनिटात आलेले दोन जोडलेले अर्ज निसटू शकतात. त्यासाठी अर्ज मंजूर होण्याच्या पायरीवर तीच तपासणी पुन्हा एकदा चालवा. ग्राफ बंद पडला तर एपीआयने 'दुवा नाही' असं कधीही म्हणू नये. 'तपासणी झाली नाही' हे वेगळं उत्तर ठेवा आणि असा अर्ज माणसाच्या रांगेत जाऊ द्या.

प्रश्न: नागपूरहून. निओफोरजे घ्यायचं ठरलं आहे, रेस्ट एपीआय लिहायला घेतला आहे. नेमकं काय बिघडतं ते आधीच सांगाल का?

सर्वांत जास्त बिघाड 'मर्ज'मुळे होतो. मर्ज म्हणजे 'असेल तर वापर, नसेल तर तयार कर'. लोक ग्राहक, नातं आणि यंत्र असा सगळा आराखडा एकाच मर्जमध्ये लिहितात. मर्ज तो आराखडा अख्खा शोधतो आणि त्यातला एक तुकडाही नसला तरी अख्खा नव्याने करायला जातो. ग्राहक आधीच आहे, यंत्र नवीन आहे, की ग्राहकाचा दुसरा नोड तयार. म्हणून तीन वेगळे मर्ज लिहा: आधी ग्राहक, मग यंत्र, मग त्या दोघांमधलं नातं. तरीही दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच दिसतं आणि दोन नोड होतात. त्याला एकच उपाय, तो म्हणजे ज्या गुणधर्मावर मर्ज करता त्यावर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तेच मूल्य दुसऱ्यांदा येऊ न देणारं बंधन. तो पहिल्या दिवशीच लावा. दुहेरी नोड झाल्यावर तो लागत नाही, आणि मग आधी सफाई करावी लागते.

पैशांसाठी दशांशाचा अचूक प्रकार निओफोरजेत नाही. पूर्णांक आहेत आणि फ्लोट आहेत. रक्कम रुपयांत नव्हे तर पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. आणि एपीआय नोडजेएसमध्ये (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये) असेल तर ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, पूर्णांक साध्या संख्येच्या रूपात देत नाही, कारण जावास्क्रिप्टची संख्या 53 बिटांपलीकडे अचूक राहत नाही. तसंच जेसनमध्ये पाठवलंत तर क्लायंटला रकमेच्या जागी 'लो' आणि 'हाय' असे दोन आकडे दिसतील. बाहेर पाठवण्याआधी रूपांतर करा.

क्वेरीतली मूल्यं नेहमी पॅरामीटरने द्या, मजकूर जोडून नव्हे. पण वाटेच्या लांबीची मर्यादा पॅरामीटरने देता येत नाही, आणि लेबल (नोडचा प्रकार) किंवा नात्याचा प्रकार देण्याची सोयही अगदी अलीकडच्या आवृत्त्यांपर्यंत नव्हती. म्हणून लोक तेवढ्यापुरता मजकूर जोडतात आणि इंजेक्शनला, म्हणजे क्वेरीत घातक मजकूर घुसवण्याला, दार उघडून देतात. क्लायंटकडून खोली 1 ते 4 एवढीच घ्या, ती संख्याच आहे हे तपासा. नात्यांच्या प्रकारांची यादी कोडमध्ये पक्की ठेवा, आणि यादीत नसलेलं काही आलं तर 400 ('विनंती चुकीची') देऊन परत पाठवा.

नोडचा अंतर्गत आयडी एपीआयच्या यूआरएलमध्ये कधीही देऊ नका. नोड पुसला गेला की तोच आकडा दुसऱ्या नोडला मिळू शकतो, आणि काल ज्या पत्त्यावर एक ग्राहक होता तिथे आज दुसराच दिसेल. स्वतःचा यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब आयडी) ठेवा.

ड्रायव्हर सगळ्या अॅपसाठी एकच, सेशन मात्र प्रत्येक विनंतीला नवं. प्रत्येक विनंतीला ड्रायव्हर उघडणारा कोड चाचणीत चालतो आणि गर्दीत कोसळतो. नातं तयार करताना दोन्ही टोकांच्या नोडवर लॉक लागतो, त्यामुळे डेडलॉक, म्हणजे दोन कामं एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसणं, हे इथे नेहमीचंच आहे. ड्रायव्हरची व्यवस्थापित ट्रॅन्झॅक्शन वापरलीत तर अडलेलं काम तो स्वतःच पुन्हा करतो. याचा अर्थ तो तुमचं फंक्शन दोनदा चालवू शकतो. त्यात एसएमएस पाठवण्याची ओळ असेल तर ग्राहकाला दोन एसएमएस जातील. असं काम ट्रॅन्झॅक्शन पूर्ण झाल्यावरच करा.

दोन 'ऑप्शनल मॅच' ('असेल तर आण, नसेल तर रिकामं सोड') एकामागून एक लिहिले तर रोंचा गुणाकार होतो. ग्राहकाची 5 कर्जं आणि 6 पत्ते असतील तर 30 रो येतात आणि कर्जांची संख्या 30 दिसते. पहिल्या मॅचनंतर 'विथ'मध्ये यादी गोळा करा, मगच दुसरा लिहा. जॉइनमध्येही हेच होतं, पण तिथे त्याची सवय झालेली असते.

शेवटी लायसन्स. कम्युनिटी आवृत्ती जीपीएल 3 खाली फुकट आहे, पण तिच्यात क्लस्टर नाही, गुणधर्म असलाच पाहिजे असं बंधन घालता येत नाही, आणि चालू डेटाबेसचा बॅकअपही घेता येत नाही. डंप घ्यायचा तर डेटाबेस थांबवावा लागतो. ग्राफ ही वाचायची प्रत असेल तर हे सगळं चालवून घेता येतं, कारण ती मूळ डेटातून पुन्हा भरता येते. मूळ रेकॉर्डच त्यात ठेवणार असाल तर एंटरप्राइजच्या किमतीची चौकशी आजच करा, लाँचच्या आदल्या आठवड्यात नको.

प्रश्न: गोव्यात आमची हॉटेल बुकिंगची सेवा आहे. पाहुणे, खोल्या, एजंट, सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे. ग्राफमध्ये न्यावं का?

नको. जोडलेला तर सगळाच डेटा असतो. तुमच्या एपीआयला सर्वांत जास्त जपायचं आहे ते एकच खोली एकाच रात्री दोघांना न जाणं. पोस्टग्रेसमध्ये खोली आणि तारखांचा पट्टा यांच्यावर एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट लावता येतो, त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन घ्यावं लागतं. एकमेकांवर चढणाऱ्या तारखांची दुसरी नोंद मग डेटाबेस स्वतःच नाकारतो, दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तरी. तारखांचा पट्टा असा घ्या की चेक-आउटचा दिवस त्यात मोडणार नाही, नाहीतर सकाळी रिकामी झालेली खोली त्याच रात्रीसाठी मिळणार नाही. निओफोरजेत असा कन्स्ट्रेंट नाही, ते सगळं लॉक लावून तुम्हाला लिहावं लागेल.

प्रश्न: आम्ही विद्यार्थी एक छोटं सोशल अॅप करत आहोत. फेसबुक म्हणजे ग्राफच ना?

फेसबुकचा सोशल ग्राफ वाचून देणारी त्यांची प्रणाली टाओ. तिच्याबद्दलचा पेपर त्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केला. वस्तू आणि त्यांच्यातली नाती असंच तिचं मॉडेल आहे, पण खाली डेटा साठवला होता तो मायएसक्यूएलमध्ये, वर कॅशचे मोठे थर लावून. 'माझे मित्र' आणि 'मित्रांचे मित्र' एवढंच हवं असेल तर एक आणि दोन जॉइन पुरतात. तिसऱ्या पायरीला आकडे बघा: प्रत्येकाचे 100 मित्र धरले तर एका पायरीला 100, दोन पायऱ्यांना 10 हजार, तीन पायऱ्यांना 10 लाख. एवढी मोठी यादी कोणताही डेटाबेस मोबाइलवर नेऊन देणार नाही, आणि वापरकर्त्याला ती नकोही असते.

प्रश्न: आज सायफर शिकलो तर उद्या वाया जाईल का?

नाही. ग्राफसाठीची जीक्यूएल ही भाषा एप्रिल 2024 मध्ये आयएसओ मानक झाली आणि तिच्यावर सायफरची छाप स्पष्ट आहे. एसक्यूएलच्या 2023 च्या मानकातही सोळावा भाग म्हणून ग्राफच्या क्वेऱ्या आल्या आहेत, म्हणजे टेबलं तीच ठेवून त्यांच्यावर नोड आणि नात्यांच्या भाषेत प्रश्न विचारायचे. ओरॅकलच्या 23 एआय आवृत्तीत ती सोय आहे. पोस्टग्रेसवर अपाची एज हे एक्स्टेन्शन घालून सायफर लिहिता येतं. मात्र ते घालण्याआधी तुमची क्लाउड सेवा ते एक्स्टेन्शन चालू देते का, एवढं बघून घ्या.

प्रश्न: दोन्ही बाजूंनी दावे ऐकून गोंधळ झाला आहे. आमच्याच डेटावर तुलना कशी करावी?

आठवडाभराचं काम आहे, पण कराच. एपीआयच्या सगळ्या एंडपॉइंटची यादी काढा आणि त्यातले सध्या खरोखर संथ असलेले किंवा लिहिताच न येणारे तेवढे वेगळे करा. ते सहसा दोन-तीनच निघतात. तुलना त्यांचीच करायची.

खरा डेटा घ्या, नावं-नंबर बदलून. बनावट डेटामध्ये नाती सगळ्या नोडवर सारखी वाटलेली असतात आणि त्यात गर्दीचे नोड येतच नाहीत, त्यामुळे ग्राफ प्रत्यक्षापेक्षा वेगवान दिसतो. सुरुवातीचे 200 नोड निवडा: 150 कसेही, आणि 50 सर्वांत जास्त नाती असलेले. प्रत्येक क्वेरी मशीन नुकतं सुरू केल्यावर एकदा आणि नंतर डेटा मेमरीत आल्यावर पुन्हा चालवा. दोन्ही आकडे लिहून ठेवा, कारण ग्राफ मेमरीत मावत नसेल तर त्याचा वेग पार बदलतो. सरासरी बघू नका, विनंत्या वेळेच्या चढत्या क्रमाने लावून 100 पैकी 95 वी किती वेळ घेते ते बघा. एकाच वेळी 20 क्लायंट लावून पुन्हा मोजा, आणि मोजणी चालू असताना लिहिण्याचं कामही सुरू ठेवा.

पोस्टग्रेसच्या बाजूला 'एक्स्प्लेन अॅनालाइज' लावून, नात्यांच्या टेबलावर कुठे सीक्वेन्शियल स्कॅन (सगळं टेबल वाचणं) दिसतो का ते तपासा. दिसला तर आधी इंडेक्स करा आणि मगच तुलना. निओफोरजेच्या बाजूला 'प्रोफाइल' लावून सुरुवातीचा नोड इंडेक्समधून येतो ना ते पाहा. 'ऑल नोड्स स्कॅन' किंवा 'नोड बाय लेबल स्कॅन' दिसला तर ग्राफचा सगळा फायदा पहिल्याच पायरीला गेलेला असतो. अशी दोन्हीकडची दुरुस्ती न करता काढलेले आकडे कोणाच्याही बाजूने वापरू नका. दुरुस्तीनंतर फरक दुपटीच्या आत असेल तर पोस्टग्रेसवरच राहा, कारण दुसऱ्या डेटाबेसचा बॅकअप, मॉनिटरिंग, डेटा पोहोचवण्याची पाइपलाइन आणि रात्री उठून तो सावरणारा माणूस यांचा खर्च तेवढ्या फरकातून निघत नाही. फरक दसपटीचा असेल, किंवा पोस्टग्रेसची क्वेरी टाइमआउटमध्येच जात असेल, तर तेवढे दोन-तीन एंडपॉइंट ग्राफवर न्या आणि बाकीचा एपीआय आहे तिथेच ठेवा.